सोबतच्या माणसाचे नाव

सीताबाई मगदूम यांची व प्रस्तुत लेखिकेची, म्हणजे तानाबाईची, ओळख हुपरीच्या मराठी शाळेत दुपारी भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. सीताबाईंनी पहिल्याच दिवशी भिंतीकडचे शेवटचे बाक धरले होते. लेखिका उशिरा पोहोचली, तेव्हा त्यांच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती, म्हणून हा शेजार घडला. पुढे जे कळले ते वर्ग सुटल्यावर शाळेच्या पायरीवर बसून सीताबाईंनी स्वतः सांगितले. काही आज, काही चार दिवसांनी, असे ते सांगणे होते. येथे ते शक्य तितके क्रमाने मांडले आहे.

सीताबाईंचे माहेर शेतीवाल्या जैनांचे, सासर मात्र चांदीकामाचे. लग्न होऊन आल्यावर सासूने त्यांना चूल नंतर दाखवली, आधी पाट दाखवला. बुटका लाकडी पाट, त्यावर चिमटा आणि वाटीत मुगाएवढे घुंगरू. पैंजणाच्या कडीत घुंगरू अडकवायचा आणि कडीचे तोंड चिमट्याने मिटवायचे, एवढेच ते काम. पण हात जरा सरकला तर कडी वाकडी होते आणि वाकडी कडी पोरीबाळींच्या पायाला टोचते. म्हणून सासूने शिकवले, की कोपर बरगडीला लावायचे, मनगट पाटाच्या काठावर टेकवायचे, आणि कडी मिटेपर्यंत श्वास आत धरून ठेवायचा.

काम देणारे बाळासो अधूनमधून घरी येत आणि बसलेल्या बायकांच्या पाठीमागे मुकाट्याने उभे राहत. कोणाचा हात कसा चालतो हे ते पाहत. ते उभे राहिले की खोलीतल्या साऱ्या बायकांचे श्वास एकदम थांबत आणि सारी मनगटे काठाला चिकटत. ही सवय सीताबाईंच्या अंगात इतकी मुरली, की कोणी आपल्या हाताकडे पाहत आहे असा नुसता भास झाला तरी कोपर आपोआप बरगडीला जाई.

काळ गेला. सासू गेली, यजमान गेले. मुलगा वृषभ नोकरीनिमित्त बंगळुरास गेला आणि तिथलाच झाला. घरात पाट राहिला आणि सीताबाई राहिल्या. रविवारी वृषभचा फोन येई. "अव्वा, सगळं बरं हाय न्हवं?" असे तो विचारी, आणि सीताबाई "बरं हाय" म्हणत. तेवढ्यावर फोन संपे.

हात हलू लागला तो प्रथम चहाच्या बशीत दिसला. बशी तोंडाशी नेताना चहा काठावरून सांडे. हात मांडीवर ठेवला की शांत असे, काही उचलायला गेले की थरथर सुरू होई. सीताबाईंनी बशी सोडली, पेला घेतला. पुढे पेलाही अर्धाच भरू लागल्या. नंतर त्यांनी दुसऱ्याच्या घरी चहा घेणेच सोडले. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, सकाळी तांदळाच्या लहान लहान राशी मांडून नमस्कार करायची रीत आहे. एका सकाळी मूठ उघडायच्या आतच तांदूळ पाटभर विखुरले. शेजारच्या बायकांनी काही न बोलता ते गोळा करून दिले. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे सीताबाई पुढे म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी बस्तीत जाणे बंद केले. लग्नाकार्याची निमंत्रणे येत, त्यांनाही त्या काहीतरी निमित्त सांगत. अशा रीतीने एकेक दार त्यांनी आपल्याच हाताने लावून घेतले.

पाटावर मात्र हात अजून ऐकत होता. काठाचा आधार होता तोवर घुंगरू बसत. पुढे तेही सुटू लागले. बाळासो रागावले नाहीत. "सीताबाई, या महिन्यात काम जरा कमी हाय," एवढेच म्हणाले. पुढच्या महिन्यातही काम कमीच होते. शेजारच्या घरातून मात्र दिवसभर चिमट्यांचा आवाज येत राहिला.

तेव्हा त्या गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सांगितले, की हे मेंदूच्या डॉक्टरला दाखवले पाहिजे, आणि तो डॉक्टर कोल्हापूरलाच मिळेल. सरकारी विम्याचे कार्ड आहे ना, मग चिंता कसली, असेही ते म्हणाले. कार्ड होते. ग्रामपंचायतीच्या शिबिरात फोटो काढून मिळाले होते आणि सीताबाईंनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवले होते. खासगीत दाखवण्याची ऐपत नव्हती आणि वृषभला सांगायचे नाही हे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्यांना एवढेच हवे होते, की जाणत्या माणसाने आपला हात एकदा नीट पाहावा आणि तो थांबवण्याचे औषध द्यावे, म्हणजे पाट पुन्हा मांडता येईल.

सीताबाई सकाळच्या एसटीने कोल्हापूरला गेल्या. राजारामपुरीत दवाखान्यांना तोटा नाही. एका गल्लीत क्लासच्या पाट्या किती आणि डॉक्टरांच्या पाट्या किती, हे न वाचणाऱ्या माणसालाही नुसत्या रंगांवरून कळावे. पाट्या वाचता येत नसल्याने सीताबाई विचारत विचारत पहिल्या दवाखान्यात शिरल्या. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "मावशी, कार्ड चालतंय, पण ॲडमिट झाल्यावर. नुसत्या तपासणीला न्हाय."

"मग ॲडमिट करा की."

"आजारी तर दिसाय पायजे की तुम्ही," असे म्हणून ती मुलगी हसली. वाईट हेतूने हसली नाही. नंतर तिने विचारले, "बरोबर कोण हाय?" कोणी नाही असे कळल्यावर, घरच्या कोणाला तरी घेऊन या, तुम्हाला एकटीला समजणार नाही, असे तिने समजावले.

दुसऱ्या दवाखान्यात कार्डावर हृदयाचे उपचार होते, मूत्रपिंडाचे होते, मेंदूचे नव्हते. ही हकिकत सांगताना सीताबाई पायरीवर प्रथमच हसल्या होत्या. "एवढा मोठा दवाखाना, आणि त्यात मेंदूच न्हाय म्हणाले, तानाबाई." तिथेही त्यांना विचारले गेले, की बरोबर कोण आहे. आणखी एका ठिकाणी मेंदूचे डॉक्टर होते, कार्डही चालत होते, पण त्या डॉक्टरांचा वार आदल्या दिवशी होऊन गेला होता. वार दारावर लिहिलेला होता. तो वाचता आला नाही हे सीताबाईंना फार लागले, आणि साक्षरता वर्गात त्यांनी नाव घातले ते त्याच आठवड्यात.

शेवटी वाट दाखवली ती एका रिक्षावाल्याने. सीताबाईंनी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "कार्डावर मेंदूचा डॉक्टर? मावशी, त्यापरास पन्हाळ्यावर वाघ लवकर गावंल." एवढी थट्टा करून झाल्यावर मात्र त्याने एका ट्रस्टच्या दवाखान्याचा पत्ता नीट सांगितला. आपल्या आईला झटके येत, तिला आपण तिथेच दाखवले, गुरुवारी मेंदूचे डॉक्टर बसतात, आणि आत गेल्यावर कार्डाचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राचे टेबल विचारा, असे त्याने बजावले.

पुढच्या गुरुवारी सीताबाई अंधार फिटायच्या आत निघाल्या. त्या दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नाहीत. हा नेम त्यांनी यजमान गेल्यापासून धरला आहे. सकाळी उजाडल्यावर काही तोंडात टाकायचे, पण त्या वेळी एसटी पकडायची होती. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती, ती तपासणी झाल्यावर खाऊ असे त्यांनी ठरवले.

आरोग्यमित्र जोतीराम हा तरुण, मोठ्या आवाजाचा माणूस होता. कार्ड चालते, डॉक्टरांची तपासणी इथे अशीही फुकट आहे, पुढे काही मोठे निघाले तर कार्ड लावू, असे त्याने एका दमात सांगितले. मग यंत्रावर अंगठा ठेवायला लावला. अंगठा यंत्रावर ठरेना. तेव्हा जोतीरामने सीताबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा दाबून धरला. यंत्राने आवाज दिला, काम झाले, त्याने हात सोडला. कोणी आपला हात धरला त्याला किती काळ लोटला होता, हे सीताबाईंना त्या वेळी आठवू लागले, आणि जोतीराम पुढे काय विचारतो आहे तिकडे त्यांचे लक्ष राहिले नाही.

तो विचारत होता, "आज्जी, बरोबर कोण हाय?" केसपेपरवर सोबतच्या माणसाच्या नावासाठी एक ओळ होती, तिथे त्याचे पेन थांबले होते.

सीताबाई म्हणाल्या, "मालक गाडी लावाय गेल्यात."

हे आपण का बोललो हे त्यांना आजही सांगता येत नाही. यजमानांनी उभ्या आयुष्यात सायकलशिवाय काही चालवले नव्हते, आणि त्यांना जाऊनही कित्येक वर्षे झाली होती. पण जोतीरामने मान डोलावली, मालक आले की नाव लिहू म्हणाला, आणि त्यांना बाकावर बसवले. बाक दारासमोर होते. दार उघडले की सीताबाई तिकडे पाहत. पाहायला तर हवेच होते, नाही तर खोटे उघडे पडले असते. पण पाहता पाहता त्या खरोखरच वाट पाहू लागल्या. कोणी पांढऱ्या टोपीचा माणूस पायरी चढताना दिसला, की त्या बाकावर जरा सरकून शेजारी जागा करत.

बाक रिकामे होत आले तेव्हा जोतीराम जवळ आला. "आज्जी, मालक अजून गाडीच लावाय लागल्यात व्हय?"

"जागा गावंना असंल," सीताबाई म्हणाल्या.

जोतीराम त्यांच्याकडे पाहत राहिला. मग ती ओळ मोकळीच ठेवून त्याने केसपेपर त्यांच्या हाती दिला आणि आत जायला सांगितले.

डॉक्टरांचे नाव गुरुप्रसाद. वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी हात पुढे धरायला सांगितले आणि खाली वाकून ते हाताकडे पाहू लागले. त्यांनी पाहताच सीताबाईंचे कोपर बरगडीला गेले. मग त्यांनी कागद व पेन पुढे सरकवले आणि मधून सुरुवात करून बाहेर मोठी होत जाणारी गोल रेघ काढायला सांगितली. समोर टेबल होते आणि टेबलाला काठ होता. सीताबाईंचे मनगट काठावर टेकले, श्वास आत थांबला, आणि रेघ अशी उतरली की तिच्यावर घुंगरू लावून पायात घालावी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, मला याच्यापेक्षा चांगली येणार नाही."

हे ऐकून सीताबाईंना अभिमान वाटला. खोटे कशाला लिहावे, त्यांनी स्वतःच तसे सांगितले आहे. कोणी आपल्या हाताचे कौतुक करून त्यांना बरेच दिवस झाले होते. मग डॉक्टरांनी विचारले, की हात हलतो तेव्हा घरात कोणी पाहिले आहे काय. सीताबाई कागदावरच्या रेघेकडे पाहत राहिल्या. शेवटचे कधी खाल्ले, असे विचारल्यावर त्यांनी काल दिवस मावळण्यापूर्वी असे खरे ते सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. उपाशी पोटी या वयात हाताला थोडा कंप येतो, वेळेवर खात जा, ही शक्तीची गोळी घ्या, आणि तरीही त्रास झाला तर घरचे माणूस घेऊन या, असे त्यांनी अगत्याने समजावले. त्यांनी जे पाहिले त्यावरून ते बरोबरच बोलत होते.

बाहेर आल्यावर सीताबाईंनी पाण्याच्या टाकीखाली पेला धरला. तिथे हात टेकायला काही नव्हते. पेला तोंडापर्यंत पोहोचला तोवर निम्मे पाणी पदरावर सांडले होते. पाहायला तिथे कोणीही नव्हते. परतीची एसटी उशिरा सुटली, वाटेतच दिवस मावळला, आणि फडक्यातली भाकरी तशीच घरी आली.

त्यानंतर वर्गात त्या अधिकच मुक्या झाल्या. गोळ्या संपल्या, हात होता तसाच राहिला. एके दिवशी वर्गाच्या शिक्षिका अस्मिताबाईंनी प्रत्येकीला फळ्यावर स्वतःचे नाव लिहायला बोलावले. सीताबाईंची वही साऱ्या वर्गात नेटकी होती, म्हणून त्यांना आधी उठवले. बाकाचा काठ बाकापाशी राहिला. फळ्याला काठ कुठला? उंच धरलेल्या हातात खडू असा नाचू लागला, की पहिल्या अक्षराचे पाच तुकडे झाले. वर्गात कोणीतरी कुजबुजले, की म्हातारी भ्याली. सीताबाई खडू ठेवून परत आल्या आणि मांडीवर हात दाबून बसल्या. लेखिकेने त्या हातांकडे पाहिले आणि नजर काढून घेतली नाही. पुष्कळ वेळाने त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तानाबाई, डॉक्टरच्या टेबलाला काठ होता. मी मनगट टेकलं. तेनी हात बघिटलाच न्हाय माझा, बाळासोंना दावायचा हातच बघिटला."

त्या दिवशी पायरीवर बसून राहिलेली हकिकत बाहेर आली. येत्या गुरुवारी आपण बरोबर येतो, असे लेखिका म्हणाली. सीताबाई नको म्हणाल्या. दुसऱ्यांदाही नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

त्या गुरुवारी दोघींनी उजाडल्यावर एसटी स्टँडवर भाकरी खाल्ली आणि मगच गाडी पकडली. जोतीरामने सीताबाईंना ओळखले. मालकांविषयी त्याने एक शब्दही काढला नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. नव्या केसपेपरवर त्याने लेखिकेचे नाव लिहिले आणि नाते विचारले. भावकी नव्हती, जात एक नव्हती, गल्लीही वेगळी होती. शेवटी सीताबाई म्हणाल्या, "एका वर्गात हाय आमी."

"शाळंत?" जोतीराम मोठ्याने हसला. "मग मैत्रीण लिव्हतो की."

आत गेल्यावर लेखिकेने डॉक्टरांना जे पाहिले होते ते सांगितले, आणि यांना टेबलापासून लांब बसवा अशी विनंती केली. डॉक्टरांनी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली, पाण्याने भरलेला पेला सीताबाईंच्या हाती दिला आणि तो ओठांपर्यंत न्यायला सांगितले. पाणी सीताबाईंच्या मांडीवर सांडले, जमिनीवर सांडले, डॉक्टरांच्या बुटावरही सांडले. सीताबाईंनी शरमेने डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, "आजी, मागच्या वेळी मला हेच दिसायला हवं होतं. तुम्ही माझ्यापासून लपवलंत आणि मला ते कळलं नाही."

हा हात थरथरण्याचा आजार आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी कमी होईल पण मुळापासून जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. चांदीचे काम पुन्हा होईल काय, एवढाच प्रश्न सीताबाईंनी विचारला. ते कठीण आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सीताबाईंनी मान हलवली. परतीच्या एसटीत त्या हुपरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

गोळ्यांचा गुण आला. पेला पाऊण भरलेला उचलता येऊ लागला. बस्तीत त्या पुन्हा जाऊ लागल्या. राशी थोड्या विसकटलेल्या असतात, पण राशीच असतात. पाट मात्र त्यांनी उभा करून भिंतीला लावून ठेवला आहे. रविवारी वृषभला त्या अजूनही "बरं हाय" म्हणतात.

गोळ्या लिहून घेण्यासाठी दर काही महिन्यांनी कोल्हापूरला जावे लागते. पहिल्या दोन खेपांना लेखिका बरोबर गेली. तिसऱ्या खेपेच्या सुमारास लेखिकेच्या सुनेचे बाळंतपण आले आणि तिला मुलाकडे इचलकरंजीला राहायला जाणे भाग पडले. परत कधी येणे होईल हे तेव्हा सांगता येण्यासारखे नव्हते. निघण्याच्या आदल्या दिवशी सीताबाई पायरीवर भेटल्या. त्यांनी लेखिकेला थांबवण्याचा प्रयत्न केला नाही, आणि डोळ्यांत पाणीही आणले नाही. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणले होते, ते दिले. मग पदर सारखा करून त्या म्हणाल्या,

"तानाबाई, तुमी याय पायजे असं न्हाय. एकटी जाईन मी, वाट म्हाईत झाल्या आता. पण तेनी इचारत्यात न्हवं, बरोबर कोण हाय म्हणून. त्या ओळीवर मी माझ्या हातानं तुमचं नाव लिव्हू काय?"